टॅबवरचं ॲप विकत घेण्याआधी ते आमच्या ओपीडीत आणा

कोकणातल्या जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांत ज्यांच्या सहीने औषधं, उपकरणं आणि आता सॉफ्टवेअरही खरेदी होतं, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि तांत्रिक समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. केंद्रांच्या आणि उपकेंद्रांच्या टॅबवर औषधांचे डोस आणि उपचार चटकन दाखवणारं एखादं संदर्भ ॲप घालून द्यावं, अशी चर्चा कानावर आली आणि मनापासून बरं वाटलं. शहरातल्या डॉक्टरला विचारायला शेजारच्या खोलीत दुसरा डॉक्टर असतो. आमच्याकडे रात्री अकरानंतर सिस्टर, शिपाईमामा आणि मी. त्यामुळे हे पत्र विरोधाचं नाही. ॲप निवडायचं कसं, एवढ्यापुरतंच ते आहे, आणि माझा आग्रह एकच: सभागृहातल्या पडद्यावर बघून ते निवडू नका. आमच्या रजिस्टरमधले प्रश्न त्याला विचारा, आमच्याच जागेत बसून विचारा, आणि मगच कागदावर सही करा.

हा आग्रह कुठून आला ते कळावं म्हणून एक रात्र सांगते.

२०१६चा मे महिना. मी नुकतीच रुजू झाले होते, मूळची घाटावरची. विंचूदंशाचा गंभीर रुग्ण तोवर फक्त पुस्तकात वाचलेला. आंब्याचे शेवटचे तोडे चालू होते. वळवाच्या पावसाने लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच बल्ब. साडेआठच्या सुमाराला एक बाई सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून धावत आली. "डॉक्टरांनू, पोराक विंचू चावलो." चिऱ्याच्या गडग्यात चेंडू गेला होता, तो काढायला पोराने फटीत हात घातला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. वाटेत दोन उलट्या झालेल्या. हातपाय थंडगार आणि नाडी दीडशेच्या वर.

माझ्या फोनमध्ये एक परदेशी ॲप होतं. शिकत असताना त्याचा फार आधार वाटायचा. उघडलं, विंचूदंशाचं पान काढलं. ते पान अमेरिकेतल्या वाळवंटी विंचवाचं होतं. डोळे कसे भिरभिरतात, हातपाय कसे झटकले जातात, झोपेचं औषध कधी द्यायचं आणि तिथली प्रतिविषाची लस कोणती, हे सगळं त्यात नीट मांडलेलं. माझ्यासमोरच्या मुलाचे डोळे भिरभिरत नव्हते. तो थंड पडत चालला होता. मग 'प्राझोसिन' टाकून बघितलं, कारण नाव कुठेतरी ऐकलं होतं. उच्च रक्तदाब, प्रौढांसाठी १ मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, असं आलं. लहान मुलांपुढे डोसच नाही.

तोवर सिस्टरने ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला होता. प्लास्टिकमध्ये घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: प्राझोसिन, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. मुलाचं वजन १८ किलो, म्हणजे ५४० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी. खाली अधोरेखित केलेली ओळ: मुलाला आडवंच ठेवा, आईला उचलू देऊ नका. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं. पोर रडतंय म्हणून आईने कडेवर उभं धरलं तर रक्तदाब एकदम उतरतो. मी गोळी कुटून पाण्यातून पाजली. आई खाटेशी बसून मुलाचा हात धरून होती. तीन तासांनी पुन्हा डोस दिला. पहाटे सिस्टरने त्याच्या तळव्याला हात लावला आणि म्हणाली, "मॅडम, पाय गरम झाले."

तो कागद कुठून आला हे कोकणातल्या अधिकाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको, तरी सांगते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना तांबड्या विंचवाचे रुग्ण रात्ररात्र बसून टिपले. या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी बघितलं. १९८२पासून 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात हे छापून येऊ लागलं. प्राझोसिनने नेमका तोच आवळ सुटतो. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी ३० ते ४० टक्के दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं. पुढे २०११ साली महाडच्याच ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला: नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनच्या जोडीला विंचूविरोधी लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो. योगायोग असा की त्याच २०११मध्ये अमेरिकेत तिथल्या विंचवावरच्या लसीला मान्यता मिळाली. माझ्या फोनमधल्या पानावर २०११ सालची ती दुसरी गोष्ट होती, पहिली नव्हती. ज्या विंचवाने मूल आमच्या दारात आणलं त्याचा उपचार याच किनारपट्टीवर शोधला गेला, जगाने तो मान्य केला, आणि आमच्या हातातल्या यंत्राला त्याचा पत्ता नव्हता.

त्या ॲपमध्ये चूक काहीच नव्हती, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या जागी खरं होतं. म्हणून "या ॲपमधली माहिती तज्ज्ञांनी तपासलेली आहे का?" हा प्रश्न आम्हाला पुरत नाही. कोणत्या मुलखातल्या रुग्णासाठी तपासलेली आहे, हे विचारायला हवं.

फुरशाचं घ्या. देवगडच्या सड्यावर, कातळात, काजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना हात घातला की फुरसं. आम्ही काय करतो? काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतो, २० मिनिटं हलवत नाही, मग तिरकी करून बघतो. रक्त गोठलं नसेल तर विष चढलंय. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ही तपासणी फसते. हे एवढं ज्या ॲपमध्ये नाही आणि नुसत्याच मोठ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या लिहिल्या आहेत, ते रात्री आमच्या काय कामाचं? पुढचा प्रश्न डोसचा. प्रतिविषाच्या १० कुप्यांनी सुरुवात, आणि मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. वजनावर डोस काढायची सवय लागलेला नवा डॉक्टर इथे हमखास अडखळतो. तिसरा प्रश्न: आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. चापडा हा आमच्याकडचा आणखी एक विषारी साप चावला असेल तर त्याचा उपयोग नाही. हे ॲप सांगतं का? केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. आपण टॅबवर काय घालतो, याचा त्या आकड्याशी थेट संबंध आहे.

पावसाळ्यात प्रश्न बदलतात. भातलावणीतून आलेली सहा महिन्यांची गरोदर बाई, चार दिवस ताप, पोटऱ्या धरता येत नाहीत इतक्या दुखतायत, डोळे लाल. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, म्हटल्यावर बोट आपोआप डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाकडे जातं. ती गरोदर आहे हे सांगितल्यावर ॲप काय सुचवतं? नुसतंच 'टाळा' म्हणून थांबतं, की पर्याय आणि त्याचा डोसही देतं? 'टाळा' हा शब्द वाचून मी त्या बाईला घरी पाठवू शकत नाही. आणि माकडतापाचं? मी रुजू झाले त्याच वर्षी दोडामार्ग-सावंतवाडीकडे तो आला. १९५७मध्ये शिमोग्याजवळ ओळखला गेलेला आजार, घाटाच्या या बाजूला दत्त म्हणून उभा राहिला. काजूच्या बागेतला ताप आणि डोकेदुखी घेऊन कोणी आलं तर 'रानात मेलेलं माकड दिसलं होतं का' हा प्रश्न ॲपने विचारायला सुचवावं, एवढीच अपेक्षा आहे.

आता एक बारीक वाटणारी पण रोजची गोष्ट. पॅरासिटामॉलचं सिरप. १० किलोच्या बाळाला दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम द्यायचं. अमेरिकेतलं सिरप ५ मिलीत १६० मिलिग्रॅमचं असतं. तिथलं गणकयंत्र वापरलं तर उत्तर येतं सुमारे पावणेपाच मिली. आपल्याकडे एकाच कपाटात ५ मिलीत १२० किंवा १२५चं आणि ५ मिलीत २५०चं, अशा बाटल्या असतात. २५०च्या बाटलीतून पावणेपाच मिली पाजलं तर बाळाच्या पोटात १५०ऐवजी २३५हून जास्त मिलिग्रॅम गेलं, आणि ताप उतरला नाही म्हणून आईने चार तासांनी पुन्हा तेच केलं. आमच्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी एकदा माझ्याच चिठ्ठीवर हे पकडलं. खिडकीतून बाटली वर करून दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, ही अडीचशेची हा." तेव्हापासून मी मिलीच्या शेजारी बाटलीची ताकदही लिहिते. ॲपने मिलीत उत्तर देण्याआधी 'बाटली कोणती?' हे विचारलंच पाहिजे. न विचारता देत असेल तर त्या एका कारणावरून मी ते नाकारीन.

नावांचाही घोळ असाच. तिकडे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन. आपल्या नावाने शोधलं तर काही ॲप सापडवून देतात, काही 'काही आढळलं नाही' म्हणून मोकळी होतात. रुग्ण प्रतिविषाच्या रिॲक्शनने निळा पडत असताना ॲड्रेनॅलिनचं दुसरं नाव आठवत बसायला कुणाला वेळ आहे? उलट बाजूही आहे. निमेसुलाइड अमेरिकेत कधी आलंच नाही, त्यामुळे तिथल्या ॲपमध्ये ते नसतंच. आपल्याकडे ते विकलं जातं, पण १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११पासून त्यावर बंदी आहे. बाहेरच्या दवाखान्यातून ती चिठ्ठी घेऊन पोर आलं तर मला टॅबवर बंदी दिसायला हवी. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी आणली. खरेदीच्या वेळी विक्रेत्यासमोर त्यातली चार नावं टाकून बघा. आपली नियमावली त्यांच्याकडे पोचते की नाही, हे दोन मिनिटांत कळेल. शुगरचंही बघून घ्या: काही ठिकाणी मिलिमोलमध्ये आकडे असतात. तिथला ७ म्हणजे आपला १२६, आणि घाईत ७ वाचलं की माणूस दचकतो.

नेटवर्कबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सादरीकरणात हा मुद्दा कायम एका वाक्यात उरकला जातो. आमच्या एका सरांच्या कपाटात पाम नावाचा एक जुना छोटा संगणक होता, हातात मावणारा, काडीने टिचकी मारायचा. १९९९मध्ये त्यावर 'एपोक्रेटिस' नावाचा औषधसंदर्भ आला. संगणकाला केबल लावून माहिती आत भरून घ्यायची आणि मग दिवसभर खिशात ठेवायचं. सर आम्हाला तो कौतुकाने दाखवायचे. त्याचं मोल मला कोकणात आल्यावर कळलं. त्या यंत्रात जे होतं ते यंत्रातच होतं. आजची बरीच ॲप्स दिसायला देखणी, पण पान उघडायला दर वेळी दूरच्या सर्व्हरकडे धावतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या गावांतली वीज किती दिवस गेली होती आणि टॉवर कसे मुके झाले होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर. रुग्ण वाढतात आणि नेटवर्क जातं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच दिवशी होतात.

त्यामुळे 'ऑफलाइन चालतं' हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकून घेऊ नका. टॅब विमान मोडमध्ये टाका, बंद करून पुन्हा चालू करा, आणि मग विंचवाचं पान काढायला सांगा. काही ॲप्स फक्त मागच्या वेळी उघडलेली पानं दाखवतात, काही औषधं दाखवतात पण गणकयंत्र अडवतात, काही तर ऑफलाइन असताना पुन्हा पासवर्ड मागतात. हे तिन्ही प्रकार मी स्वतः पाहिले आहेत.

आणि टॅबही आमचाच घ्या. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, बीपी-शुगरची नोंद, सगळं त्याच टॅबवर. जागा भरलेली, अँड्रॉइड जुनं, पडद्याला एका कोपऱ्यात तडा. नव्या कोऱ्या टॅबवर धावणारं ॲप इथे उघडायलाच अर्धा मिनिट घेतं. उपकेंद्रातल्या सिस्टरने हात धुतल्यावर ओल्या बोटाने दोनदा दाबून पान आलं नाही तर तिसऱ्यांदा ती दाबणार नाही, तिचा कागदच काढेल. त्यात तिचा दोष नाही.

मराठी आवृत्ती देतो असं कोणी म्हणालं तर तीही वाचून घ्या, पण ज्यांना ती वापरायची आहे त्यांच्याकडून. 'चमचा' या एका शब्दात चहाचा ५ मिलीचा चमचाही येतो आणि १५ मिलीचा मोठाही. तिथे मिलीच हवेत. डोसमध्ये 'मायक्रोग्रॅम' पूर्ण शब्दात हवा. µg ही खूण वापरली की घाईत ती मिलिग्रॅमसारखी वाचली जाते, आणि प्राझोसिनच्या बाबतीत तो फरक हजारपटीचा आहे. हल्ली प्रश्न विचारला की स्वतःच्या शब्दांत उत्तर देणारी एआय ॲप्सही दाखवली जातात. त्यांचं मराठी ऐकायला गोड असतं. पण उत्तराखाली ते कोणत्या मार्गदर्शिकेतून, कोणत्या तारखेच्या, हे दिसत नसेल तर डोससाठी ते वापरू देऊ नका.

पैशाचं एवढंच म्हणते: फुकट ॲपचा खर्च कोण करतं ते विचारा. औषध कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणारं असेल तर माझ्या डोळ्यांपुढे आधी कोणता ब्रँड येतो हे त्यांनी ठरवलेलं असणार, आणि मी काय शोधते याची नोंदही कुठेतरी जमत असणार. फुकट आणि जाहिरातीशिवाय अशी एक गोष्ट मात्र हाताशी आहे: आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोचं ॲप. एका आजाराला एक पान, आपल्या देशासाठी लिहिलेलं. मोठी खरेदी करण्याआधी निदान तेच आमच्या प्रश्नांवर घासून बघायला काय हरकत आहे? गाजलेल्या नावांना जो निकष लावाल तोच त्यालाही लावा.

निकष म्हणजे काही मोठं शास्त्र नको. आमच्या ओपीडी आणि इमर्जन्सी रजिस्टरमधून तीस खरे प्रश्न काढा, उन्हाळ्यातले दहा, पावसाळ्यातले दहा, आणि दहा बारमाही: बाळाचा ताप, दमा, शुगर उतरलेला म्हातारा. उत्तरं आधी दोन अनुभवी डॉक्टरांकडून लिहून घ्या, राष्ट्रीय मार्गदर्शिका समोर ठेवून. मग एक नवा डॉक्टर, एक समुदाय आरोग्य अधिकारी, एक सिस्टर आणि एक औषध निर्माण अधिकारी यांना टॅब द्या आणि घड्याळ लावा. बरोबर, अर्धवट, चुकीचं आणि सापडलंच नाही, असे चार रकाने पुरे. चुकीच्या रकान्यात एक जरी डोस पडला तर बाकीचे गुण बघायचीही गरज नाही. सापडलं नाही हे परवडतं, कारण मग आम्ही फोन करतो, १०८ बोलावतो, कागद काढतो. आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर मात्र कोणाला विचारावंसंही वाटू देत नाही.

परवाना कधी संपतो, तेही करारात बघा. आपल्याकडे सगळं ३१ मार्चला संपतं आणि नूतनीकरणाची फाईल जून-जुलैत हलते. विंचू एप्रिलमध्ये बाहेर पडतो. ऊन तापलं की चिऱ्यांच्या फटीतून, लाकडांच्या मोळीतून, पोरांच्या बुटांतून. वर्षातले नेमके ते तीन महिने टॅबवर 'परवाना संपला आहे' अशी पाटी दिसणार असेल, तर करार जूनपासून जूनपर्यंतचा करा किंवा वाढीव मुदत आधीच लिहून घ्या.

मी बोलावते आहे ते मनापासून. पहिल्या पावसाआधी दोन दिवस काढून आमच्याकडे या. ज्या ज्या कंपनीला ॲप विकायचं आहे तिचा माणूसही बरोबर घेऊन या. प्रश्नांची यादी मी तयार ठेवली आहे. रजिस्टरमधली नावं झाकून पानं दाखवता येतील. येताना टॅबमधलं सिम काढून ठेवा. तडा गेलेला टॅब उपकेंद्राच्या सिस्टरकडून मागवून घेते, पहिलं ॲप त्यावर उघडू. ड्रॉवरमधला तो पिवळा कागदही मी टेबलावर शेजारी ठेवणार आहे.

आपली,
एक वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, देवगड तालुका, सिंधुदुर्ग